विद्यापीठातल्या संघर्ष निराकरण आणि सहयोगी नेतृत्व केंद्राचं संचालकपद देऊ केलंय. कायद्याची पदवी नाही. घ्यावं का, आणि पहिल्या वर्षी काय करावं?

कायद्याची पदवी लागत नाही. न्यायालयाशी जोडलेले मध्यस्थ 40 तासांचं प्रशिक्षण घेतात, तेवढं तुम्हीही घ्या. वकील मंडळींना तर जिंकायची सवय मोडण्यातच पहिलं वर्ष जातं, हे मी जवळून पाहिलंय.

मी नागपुरात असं केंद्र सहा वर्षं चालवलं. एका सहीवरून वरिष्ठांशी माझं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

विज्ञान शाखेतल्या दोन प्राध्यापकांमध्ये एक गॅस क्रोमॅटोग्राफ होता, म्हणजे कॉलम नावाच्या नळीतून नमुन्यातले घटक वेगळे करणारं यंत्र. विभागप्रमुखांनी कधीतरी वाटणी करून दिलेली: एक दिवस यांचा, एक दिवस त्यांचा. दोघांची तक्रार एकच, की समोरचा माझ्या वाट्याचे तास खातो. एकाच मजल्यावर बसून दोघं चार वर्षं आवक-जावकमार्फत एकमेकांना पत्रं लिहीत होते. पीएचडीची मुलं मधल्यामध्ये भरडली जात होती. दोघांशीही मी वेगवेगळी तीन-तीनदा बोलले, प्रत्येक वेळी तारखा लावलेली जाडजूड फाइल समोर आली, हाती काही लागलं नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी व्हरांड्यात प्रयोगशाळेचे परिचर भेटले. सहज विचारलं, भाऊ, मशीन दिवसाला खरी किती तास चालते? ते म्हणाले, "मॅडम, दोघाइचे कॉलम येगयेगळे. रोज बदलवा लागते. बदलवला का तपवन्यातच अर्धा दिवस जाते. हप्त्यानं पाळी लावा ना, कोनाचंच नुकसान नाही." मग हे आजवर सांगितलं का नाही? "मले कोनी इचारलंच नाही."

प्रत्येकाच्या वाट्यातला अर्धा दिवस खरंच जात होता. तो समोरचा प्राध्यापक खात नव्हता, ती रोजची पाळी खात होती. आणि हे ठाऊक असलेल्या एकमेव माणसाला दोन्ही बाजूंनी ज्ञापनं मिळत होती.

पुढच्या बैठकीला मी परिचरांनाही बोलावलं. खुर्ची प्राध्यापकांच्याच ओळीत ठेवली. तासाभरात आठवड्याची पाळी ठरली, एकमेकांच्या विद्यार्थ्यांचे तातडीचे नमुने कसे घ्यायचे तेही ठरलं. एका पानाचा समझोता केला, खाली तीन सह्या. दुसऱ्या दिवशी वरून बोलावणं आलं. परिचराला प्राध्यापकांच्या मांडीला मांडी लावून बसवलं तर विभागाची शिस्त राहील का, असा प्रश्न. आणि बैठकीत कोण काय बोललं याचा लेखी अहवाल द्या. अहवाल मी दिला नाही. चार दिवसांनी तोच समझोता नव्याने टाइप होऊन आला, त्यात सह्यांच्या जागा दोनच होत्या. त्यावर मी सही केली नाही. मॅडम हट्टी आहेत, असं तेव्हा बोललं गेलं, आजही बोललं जातं. सहयोगी नेतृत्वावर भाषणं देणाऱ्या माणसाने ती तिसरी सही खोडली, हे मला आजही सहन होत नाही. 1920 च्या दशकात मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन व्यवस्थापन-विचारवंत सांगून गेल्या की कोणावर तरी चालवायची सत्ता वेगळी आणि सोबत मिळून उभी करायची सत्ता वेगळी. आपल्याकडे हे स्लाइडवर येतं, खुर्च्या मांडताना येत नाही.

या विषयाच्या कार्यशाळांमध्ये संत्र्याची गोष्ट ठरलेली असते. दोन बहिणी, एक संत्रं, एकीला साल हवी, दुसरीला गर. मी ती वर्गात सांगितली तेव्हा काटोलकडच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, तोडलं कोनं?" संत्र्याच्या बागेत वाढलेल्या पोराला तोडणारे हात आधी आठवले. त्यानंतर त्या प्रश्नाशिवाय मी ती गोष्ट कधी सांगितली नाही.

पहिल्या वर्षाचं म्हणाल तर, किती वाद मिटवले याचा तक्ता कोणी मागितला तर देऊ नका. 15 ऑगस्ट 2007 ला राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. कल्पना चांगली होती, पण गावांना गुण होते, बक्षीस होतं. माझ्या माहेरच्या गावात बक्षिसासाठी दुबळ्या बाजूला "आता घे मिटवून" म्हणताना मी ऐकलंय. केंद्राचंही तसंच होतं.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. सगळंच टेबलावर आणायचं नसतं. रॅगिंग, जातीवरून अपमान, लैंगिक छळ यांना त्यांच्या त्यांच्या समित्या आणि कायदे आहेत. 2013 च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारीत समेट फक्त त्या स्त्रीनेच मागितला तर होतो, आणि तोही पैशाच्या आधारावर नाही. विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे समिती आणि वर लोकपाल आहे. तिकडे जाणाऱ्याला केंद्राने अडवून धरू नये. गुप्ततेची तरतूद 2023 च्या मध्यस्थता कायद्यात लिहिलेली आहे. विद्यापीठातल्या अंतर्गत बैठकीला तो जसाच्या तसा लागतो असं मात्र मी म्हणणार नाही, म्हणून गुप्ततेचा नियम केंद्राच्या स्वतःच्या नियमावलीत लिहून मंजूर करून घ्या.

पद घ्यावं का? घ्या. फक्त रुजू होण्याआधी नियुक्तीपत्र नीट वाचा. बैठकीला कोणाला बोलवायचं हे संचालक ठरवतील, असं वाक्य त्यात नसेल तर ते घालून घ्या, मगच सही करा.