डकोटा विमान अजून भारतात उडतं का? महायुद्ध संपल्यावर या विमानांचं काय झालं?

उडतं. डकोटा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं दोन इंजिनांचं वाहतुकीचं विमान. हवाई दलाच्या जुन्या विमानांत 'परशुराम' नावाचं एक डकोटा आहे; २०२१ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातही ते उडालं होतं. फक्त त्याच्याबद्दल एक घोळ फार ऐकू येतो. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला सर्वांत आधी उतरलेलं डकोटा म्हणजे व्हीपी ९०५. 'परशुराम'वर तोच क्रमांक आहे, त्यामुळे हेच ते विमान असं लोक बिनदिक्कत सांगतात. नव्हे. तो क्रमांक मानवंदना म्हणून रंगवलाय.

हे विमान १९४४ चं. युद्धानंतर ते ब्रिटनमध्ये मुलकी कामाला लागलं. समुद्रात तेल सांडलं की वरून रसायन फवारायचं, असलंही काम त्याने केलंय! पुढे उद्योजक आणि राजकारणी राजीव चंद्रशेखर यांनी ते विकत घेऊन इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीला दुरुस्त करवलं आणि हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील हवाई दलात डकोटाच चालवायचे. एप्रिल २०१८ मध्ये ते टप्प्याटप्प्याने उडत जामनगरला आलं. (नाव ऐकून आम्हा कोकण्यांची कॉलर ताठ झाली होती, पण चंद्रशेखर मूळचे केरळचे, आणि परशुरामावर हक्क तेही सांगतात.)

बाकीच्यांचं म्हणाल, तर लष्करासाठी दहा हजारांवर बनली होती. युद्ध संपल्यावर ती स्वस्तात विकायला निघाली. आपल्याकडे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने अशी बरीच विमानं प्रवाशांसाठी तयार करून दिली. मला त्यातली सगळ्यात आवडती कामगिरी १९४९ ला सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालाची. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारही दिशांनी विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीनंतर नागपूरला भेटायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडेपर्यंत आपापल्या गावी परत.

जपायचं म्हणाल तर संग्रहालयात उभं करणं सोपं, उडतं ठेवणं कटकटीचं. प्रत्येक इंजिनाला गोलाकार मांडलेले चौदा सिलिंडर. विमान उभं राहिलं की खालच्या सिलिंडरांत तेल उतरून साचतं. तसंच चालू केलं तर इंजिन मोडू शकतं. म्हणून सुरू करण्याआधी पंख्याची पाती हाताने फिरवून घेतात. १९४४ सालीही तसंच करत.