तुमचा फोन, तुमचे प्रश्न : कव्हरच्या खिशातलं आधार कार्ड

(नौपाड्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या आमच्या स्तंभलेखिका वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

ताई, ठाणे स्टेशनला संध्याकाळच्या गर्दीत कल्याणकडची लोकल पकडताना माझ्या मिस्टरांचा फोन गेला. फोनला फिंगरप्रिंट लॉक होतं, म्हणून आम्ही फार घाबरलो नाही. कव्हरच्या खिशात एटीएम कार्ड आणि आधारची झेरॉक्स होती, ती नवी काढू म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत गेलो तर रात्रीतच खात्यातून पैसे गेलेले. लॉक असलेल्या फोनमधून पैसे जातातच कसे?
– एक वाचक भगिनी, कळवा

पैसे फोनमधून गेलेच नाहीत. ते सिम आणि त्या कव्हरमधून गेले. तुमचं पत्र मी दुकानात दोघा-तिघांना वाचून दाखवलं आणि प्रत्येकाने नकळत आपलं कव्हर चाचपून पाहिलं. माझ्या काउंटरवर रोज फोन येतात. कव्हर काढलं की आतून एटीएम कार्ड, पॅन कार्ड, आधारची घडी घातलेली झेरॉक्स आणि देवाचा फोटो निघतो. त्यातला देवाचा फोटो तेवढा राहू द्या.

चोर तुमचं लॉक उघडत बसत नाही. टाचणीने सिमचा ट्रे काढतो आणि सिम दुसऱ्या फोनमध्ये घालतो. आता तुमचा नंबर त्याच्या हातात. तिथे तो यूपीआयचं ॲप टाकतो. ॲप त्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं आणि नंबर बँकेत नोंदलेला असल्यामुळे खातं समोर येतं. अडतं फक्त यूपीआय पिनपाशी. तो नवा करायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो, किंवा आधारचे पहिले सहा आकडे आणि ओटीपी. ओटीपी त्याच सिमवर येतो, बाकी सगळं तुमच्या कव्हरने पुरवलं. तुमच्या मिस्टरांनी कुणाला काही सांगितलं नाही, कुठली लिंक दाबली नाही, तरी हे घडलं. त्यांना घरात कुणी बोल लावू नका.

फोन गेला की पहिला कॉल सिमच्या कंपनीला करून नंबर बंद करायचा. घरी पोचायची वाट पाहायची नाही. फलाटावर शेजारी उभा असेल त्याचा फोन मागून घ्यायचा. मग बँकेला सांगून कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग सगळं थांबवायचं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करायचा. ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. पैसा पुढच्या खात्यात गेला असला आणि अजून कुणी काढला नसला, तर तो तिथेच गोठवता येतो. म्हणून सकाळपर्यंत थांबणं महाग पडतं. लोहमार्ग पोलिसांकडची तक्रार त्यानंतर, पण ती कराच, कारण तिची प्रत पुढे लागते. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर ती प्रत आणि आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिला की फोन देशातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद करता येतो. आयएमईआय फोनच्या खोक्यावर आणि बिलावर असतो. फोन हातात असताना तो स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून पाहता येतो. हे सदर वाचणाऱ्या प्रत्येकाने आपला आयएमईआय आजच घरातल्या डायरीत लिहून ठेवावा.

डुप्लिकेट सिम मिळालं की पहिले चोवीस तास त्यावर एसएमएस येत नाहीत. सिम बिघडलं आहे असं समजून पुन्हा कंपनीच्या गॅलरीत धावू नका. दुसऱ्याने तुमच्या नावावर सिम काढलं तर तुम्हाला कळायला वेळ मिळावा, म्हणून तो नियम केलेला आहे.

आता बँकेचं. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम घालून दिला. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा फसवणुकीत बँकेकडून व्यवहाराचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर त्याच्यावर भार पडत नाही. बँक ‘तुमचाच निष्काळजीपणा’ असं म्हणू शकते, पण तसं सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. तोंडी बोलून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, पोचेचा शिक्का घ्या, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तीस दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा मिळालेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आणि नव्या सिमला लॉक लावा. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीत ‘सिम लॉक’ असतं. ते लावलं की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर पिन मागतं. पहिल्यांदा कंपनीने दिलेला मूळ पिन टाकावा लागतो. तो कंपनीला विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि पीयूके नावाचा आठ आकडी नंबर मागतं. तोही कंपनीच देते. एवढी खटपट एकदाच करायची आहे. आमच्या दुकानात येणाऱ्या शंभर फोनांत सिम लॉक लावलेला एखादा दिसला तरी मला बरं वाटतं. तुमचा फोन ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं सिम, घेत असेल तर त्याहून उत्तम, कारण काढायला ट्रेच नसतो.

आयफोनवाल्यांना एक वेगळी सूचना. फोन चोरीला गेल्यावर चार-सहा दिवसांनी ‘तुमचा फोन सापडला, इथे लॉगइन करा’ असा मेसेज येतो, कधी घरच्यांच्याही नंबरवर येतो. तो चोराच्या साखळीतून आलेला असतो. तुमच्या ॲपल खात्याच्या कुलपामुळे त्यांना फोन विकता येत नाही, म्हणून त्यांना पासवर्ड हवा असतो. खात्यातून तो फोन काढूनही टाकू नका.

घणसोलीत भाड्याने घर घेतलं. करार करायला एजंट घरी आला, अंगठ्याचं मशीन आणि कॅमेरा घेऊन. त्याआधी त्याने सगळ्यांचं आधार व्हॉट्सॲपवर मागवलं. मी पाठवलं. आता मित्र म्हणतो, अंगठा आणि आधार दोन्ही त्याच्याकडे गेले, खातं साफ होईल. खरं का?
– एक वाचक, घणसोली

अंगठा आणि आधार नंबर एकत्र गेले की धोका असतो, यात मित्र चुकत नाही. आधारवर पैसे काढायची एक सोय आहे, एईपीएस म्हणतात तिला. खेड्यापाड्यात बँकमित्र छोट्या मशीनवर लोकांना पैसे देतो, त्यात आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच लागतं. ओटीपी नाही, पिन नाही. जिथे बँकेची शाखा नाही तिथल्या म्हाताऱ्या माणसांना ती मोठा आधार आहे आणि ती बंद व्हावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण देशात काही ठिकाणी नोंदणीच्या दस्तांवरून ठसे उचलून, त्यांचे रबरी अंगठे करून याच वाटेने पैसे काढल्याचे गुन्हे नोंदले गेले आहेत.

तुमच्या एजंटावर संशय घ्यायचं कारण नाही. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे तुमच्या भाडेकराराच्या नोंदणीला आधारची पडताळणी लागते, तो त्याचं काम करत होता. तुम्ही तुमचं करा. आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये जाऊन बायोमेट्रिक लॉक लावा. मग तुमचा अंगठा कुठल्याच मशीनवर चालणार नाही. रेशनला, नव्या सिमला किंवा पुढच्या करारावेळी थोड्या वेळासाठी उघडता येतं. घरातल्या सगळ्यांचं करा, विशेषतः ज्यांचं पेन्शन खात्यात येतं त्यांचं. तिथेच आधार नंबर लॉक करायची वेगळी सोय दिसेल. ती सध्या बाजूला ठेवा, दोन्हींत गल्लत नको.

आणि यापुढे व्हॉट्सॲपवर पाठवायचं झालं तर मास्क्ड आधार पाठवा. आधारच्या संकेतस्थळावर डाउनलोड करतानाच तो पर्याय येतो, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. पूर्ण नंबर नोंदणीच्या वेळी समोर बसून टाका. काम झाल्यावर एजंटला सरळ सांगा, ‘भाऊ, आमच्या आधारचे फोटो आता काढून टाका.’ यात लाजण्यासारखं काही नाही. चांगला एजंट समोरच काढतो.

स्क्रीन फुटली म्हणून फोन दुकानात दिला तर त्यांनी पॅटर्न लिहून मागितला आणि ‘उद्या या’ म्हणाले. मी दिला नाही, तर काम करायला नाही म्हणाले. माझं काही चुकलं का ताई? मी कॉलेजला आहे, फोनमध्ये खूप फोटो आहेत.
– एक विद्यार्थिनी, ऐरोली

तुझं काहीही चुकलं नाही. हा प्रश्न माझ्या धंद्यातला आहे, म्हणून स्पष्ट लिहिते.

डिस्प्ले बदलायला पॅटर्न लागत नाही. बॅटरीला लागत नाही, चार्जिंग जॅकला लागत नाही. मागचं कव्हर गरम करून उचलायचं, स्क्रू काढायचे, बॅटरीची पट्टी सोडवायची, जुना डिस्प्ले काढून नवा लावायचा, गम सुकेपर्यंत क्लिप लावून ठेवायचा. यात फोनच्या आत डोकावायची वेळच येत नाही. टच नीट चालतो का, स्पीकर, कॅमेरा, सेन्सर हे मात्र फोन उघडून तपासावं लागतं. तो भाग फोन परत घेताना गिऱ्हाइकाने स्वतः उघडून, दोघांनी मिळून करायचा. आमच्याकडे तसंच करतात. दहा मिनिटं जास्त जातात, पण पुढे ‘तुम्हीच बिघडवलं’ ही कटकटही राहत नाही. दुकानदार पॅटर्न मागतो तो बहुतेक वेळा ही दहा मिनिटं वाचवायला. तरी मुलीचा, पॅटर्नची चिठ्ठी चिकटवलेला फोन रात्रभर ड्रॉवरमध्ये पडून राहावा, हे मला मान्य नाही.

सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत मेंटेनन्स मोड आहे, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे. तो चालू केला की फोन कोरा असल्यासारखा उघडतो, तुझे फोटो आणि चॅट झाकलेले राहतात. टच चालत असेल तेवढ्यात तो लाव. सिम काढून घे. मेमरी कार्ड असेल तर ते आधी काढ, कारण फोनला लॉक असलं तरी कार्ड साध्या रीडरमध्ये घातलं की सहसा सगळे फोटो उघडे असतात. आणि समोर बसून काम करून देणारा शोध. ठाण्यात, वाशीत असे पुष्कळ आहेत.

आई नेरुळला एकटी असते, वय ७४. मी पुण्यात. तिला फोनमधलं काही अडलं की समजावणं कठीण जातं. एका ओळखीच्याने रिमोटचं ॲप, म्हणजे तिचा फोन मला इथून चालवता येईल असं, टाकून ठेवायला सांगितलं आहे. टाकू का?
– एक वाचक, पुणे

कायमचं टाकून ठेवू नका. ‘बँकेतून बोलतोय, ॲप उघडा, नंबर सांगा’ म्हणणारे भामटे नेमकं तेच मागतात आणि आईला त्याची सवय झालेली असली तर ती बिचारी सांगून मोकळी होईल.

व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन दाखवायची सोय आहे. तुम्हाला दिसतं, पण तुम्हाला काही दाबता येत नाही. तेवढं पुरतं. तिला एकच नियम शिकवा : स्क्रीन फक्त तुम्हाला दाखवायची आणि तीही कॉल तिने स्वतः लावला असेल तरच. दाखवताना बँकेचं काही उघडायचं नाही, कारण आलेला ओटीपीही समोरच्याला दिसतो.

पैशांसाठी मला यूपीआय सर्कल आवडतं. ही सोय २०२४ मध्ये आली. खातं तुमचं राहतं, आई तिच्या फोनवरून भाजीवाल्याचा कोड स्कॅन करते आणि मंजुरी तुमच्या फोनवर येते. प्रत्येक वेळी मंजुरी नको असेल तर महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत मोकळीकही देता येते. तिची पेन्शन आणि ठेवी ज्या खात्यात आहेत ते मग यूपीआयला जोडायचीच गरज नाही. मात्र हे तिला विचारून करा. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला मुलाच्या मंजुरीवर कोथिंबीर घ्यावी लागली तर वाईट वाटू शकतं. तिला ते नको असेल तर वेगळं लहान खातं काढून त्यात महिन्याचे पैसे ठेवा आणि तेवढंच जोडा.

पोलिसांच्या वेशात व्हिडिओ कॉल करून ‘डिजिटल अरेस्ट’ करतो म्हणणाऱ्यांबद्दल तिच्याशी सावकाश बोला. अशी अटक कायद्यात नाहीच. ते लोक ‘घरच्यांना सांगू नका’ म्हणतात, म्हणून तिला सांगा : असं कुणी म्हणालं की फोन ठेवून लगेच मला लाव, मी रागावणार नाही. शेवटचे तीन शब्द नक्की म्हणा. अशा घरांतल्या लोकांशी बोलले आहे त्यावरून सांगते, मुलं ओरडतील या भीतीने म्हातारी माणसं गप्प बसतात.

लग्नाचं निमंत्रण म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल दाबली. इन्स्टॉल झालं, पण काहीच उघडलं नाही. काय करू?
– एक वाचक, कोपरी

आधी विमान मोड चालू करा आणि वायफाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, ॲप असतं. असं ॲप मुकाट्याने तुमचे एसएमएस वाचून पुढे पाठवतं. नंतर फोन सेफ मोडमध्ये (त्यात बाहेरून टाकलेली ॲप बंद राहतात) सुरू करून ते काढा. निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये त्याला दिलेली परवानगी आधी काढा. माझा सल्ला विचाराल तर एवढ्यावर थांबू नका, फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन फोन पूर्ण रीसेट करा. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. तुमच्या नंबरवरून तीच पत्रिका ओळखीच्यांना गेली असेल, त्यांनाही कळवा.

स्टेशनवरच्या यूएसबी पॉइंटला फोन लावला तर डेटा चोरतात का?
– एक वाचक, ठाणे पूर्व

सध्याचे फोन नुसतं चार्जिंगच घेतात, डेटा द्यायचा तर स्क्रीनवर विचारतात. तसं विचारलं तर नाही म्हणा. स्वतःचा ॲडॅप्टर घेऊन प्लगला लावलात तर तोही प्रश्न नाही. फक्त चार्जिंगला लावून डुलकी घेऊ नका, कारण तिथे डेटापेक्षा फोनच आधी जातो.