नाशिकमध्ये स्लॅकलाइनिंग सुरू करायचंय, आधी कधीच केलेलं नाही. सुरुवात कशी करू?

डोंबाऱ्याचा दोर डोळ्यांसमोर असेल तर तो आधी विसरा. तो ताठ असतो, शिवाय हातात काठी असते. स्लॅकलाइनिंग म्हणजे दोन झाडांत बांधलेल्या सपाट पट्टीवर तोल सांभाळत चालणं. इथे पट्टी पायाखाली ताणते, डुलते आणि तोल फक्त हातांवर.

५० मिमी रुंदीची, रॅचेटवाली (दांडा मागेपुढे करून पट्टी ताणायचा खटका असलेली) पट्टी घ्या. १५ मीटर मिळते म्हणून सगळी वापरू नका. दोन झाडांत सहा-सात मीटर पुरे, उंची गुडघ्याखाली. बुंधा फूटभर तरी जाड हवा. त्याला गोणपाट गुंडाळा, नाहीतर साल सोलवटते. मी मामांच्या मखमलाबादच्या मळ्यात दोन आंब्यांमध्ये बांधायचो. सार्वजनिक बागेत बांधणार असाल तर आधी माळ्याला विचारा, आणि येण्याजाण्याची वाट सोडून बांधा.

पहिले दोन-तीन दिवस चालायचंच नाही. अनवाणी, झाडाजवळच्या टोकाला एका पायावर उभं राहायचं. तिथे पट्टी कमी हलते. गुडघा किंचित वाकलेला, हात खांद्यांच्या वर, नजर समोरच्या बुंध्यावर. पाय शिलाई मशीनच्या सुईसारखा थरथरेल. घाबरू नका, सगळ्यांचा थरथरतो. खाली पाहिलंत की गेलात. आणि तोल गेलाच तर पट्टीवर लटपटत बसू नका, सरळ खाली उतरा. मी हट्टाने टिकून राहायला गेलो आणि घोटा मुरगळून पंधरा दिवस लंगडलो.

पावसाळ्यात पट्टी ओली झाली की निसरडी होते, त्या दिवशी सुट्टी. आणि पांडवलेणीच्या कड्यांवर बांधायची स्वप्नं सध्या नकोत. ती हायलाइन, म्हणजे खूप उंचावर बांधलेली पट्टी, वेगळंच प्रकरण आहे.