‘जेवलास का?’ याशिवाय काय विचारायचं?

प्रश्न : ताई, आमचा एकुलता एक मुलगा ऑगस्टमध्ये पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. तोवर कधी एक रात्र घराबाहेर राहिला नव्हता. बारावीची दोन वर्षं मी घरात टीव्ही लावला नाही, क्लासला सोडायची-आणायची मीच. आता पहिल्या सेमचा रिझल्ट लागला तर एम-वन (गणिताचा पहिला पेपर) आणि मेकॅनिक्स दोन्ही राहिले. फोन केला की "हं, हो, ठेवू का?" एवढंच, धड बोलूनच नाही राहिला. त्याच्या कॉलेजच्या पोर्टलचा पासवर्ड माझ्याकडे आहे, त्यात पाहिलं तर अटेंडन्स ६१ टक्के. मिस्टर म्हणतात राहू दे, शिकेल आपल्या हातानं. मला वाटून राहिलं की पुण्यात वन बीएचके भाड्यानं घ्यावा आणि वर्षभर त्याच्याजवळ जाऊन राहावं. चुकतंय का माझं?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नाही हो ताई. दोन वर्षं ज्याच्या झोपेचं टाइमटेबलसुद्धा तुम्ही लावलं त्याला एवढ्या लांब सोडून घरात बसायचं, जीव कासावीस होणारच. पण फ्लॅट घेऊ नका. तुम्ही गेलात की तो हॉस्टेल सोडणार, आणि हॉस्टेल सोडलं की जी चार पोरं आत्ताशी ओळखीची होऊन राहिली ती पण सुटणार, आणि पहिल्या वर्षाला मार्कांपेक्षा तीच चार पोरं कामाची असतात. ताप आला तर डॉक्टरकडे नेणार ती, परीक्षेच्या आदल्या रात्री एम-वनचं गणित समजावणार तीच.

माझी मुलगी मुंबईला शिकायला गेली तेव्हाचं सांगते. रोज रात्री मी फोन करायची, "जेवलीस का?", ती म्हणायची "हो". झालं, माझं समाधान. पोळ्याच्या सुमारास रव्याचे लाडू पाठवले होते, डब्याच्या झाकणाला खाकी टेप लावून. दिवाळीला घरी आली, मी तिची बॅग रिकामी करायला घेतली तर तळाशी तो डबा, टेप मी लावली तश्शीच, एक कोपरासुद्धा उचकटलेला नाही. विचारलं तर आधी काही बोलेना, मग दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता सांगितलं की मेसमध्ये एकटीनं बसायची लाज वाटते म्हणून ती जातच नव्हती, रूमवर बिस्किटं खाऊन झोपायची, आणि लाडू उघडले तर रूममेटला द्यावे लागतील, तिच्याशी तर बोलणंच नाही. तीन महिने मी रोज "जेवलीस का" विचारलं आणि तीन महिने मला काहीच कळलं नाही. त्यानंतर मी प्रश्न बदलला, "आज कोणासोबत बसली होतीस?" पहिले काही दिवस उत्तर आलं, कोणी नाही. मग एक दिवस एका मुलीचं नाव आलं, आणि त्या दिवशी मी खरंच निश्चिंत झोपली.

तुम्हीही हेच विचारा. दिवसातून पाच फोन नका करू, आठवड्यातले दोन वार ठरवा आणि ते त्यालाच ठरवू द्या. अटेंडन्सचा विषय तुम्ही काढायचाच नाही. पासवर्ड त्याला परत द्या, म्हणा बदलून टाक. आई रोज पाहते हे पोट्ट्याला माहीत असतं हो, मग फोनवर सांगायला उरतं काय? पण ६१ टक्के म्हणजे तो सकाळी उठून कुठे जाऊन राहिला की रूमवरच पडून आहे, हे कळायला पाहिजे, आणि ते पोर्टलवर दिसत नाही, गप्पांतच कळतं.

राहिलेल्या विषयांचं एवढं मनावर घेऊ नका. एम-वन आणि मेकॅनिक्समध्ये फर्स्ट इयरला दरवर्षी कितीतरी पोरं अडकतात, एटीकेटी, म्हणजे विषय राहिले तरी पुढच्या वर्षात बसायची सोय, त्यासाठीच आहे. किती विषय राहिले तर पुढच्या वर्षात बसू देतात याचा नियम प्रत्येक युनिव्हर्सिटीचा, ऑटोनॉमस कॉलेजचा वेगळा असतो, तो त्यालाच ऑफिसमधून विचारून यायला सांगा. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागता येते, रीव्हॅल्युएशनचा फॉर्म पण असतो, फक्त मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून आजच सांगा. फॉर्म मात्र तुम्ही भरू नका.

एका बाबतीत थांबायचं नाही. झोप उडाली, खाणं सुटलं, आंघोळ-कपड्यांचं भान नाही, "माझ्यानं काहीच होणार नाही", "मी नसलो तर बरं" असं काही बोलला, तर त्याच दिवशी त्याच्याशी सरळ बोला, रूममेटला आणि वॉर्डनला फोन करा, मिळेल त्या गाडीनं निघा. मन खचलेल्यांना आधार देणाऱ्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि काय करावं सुचत नसेल तर आईवडीलही लावू शकतात. गप्प राहण्यामागे रॅगिंग तर नाही ना, हेही एकदा हळूच विचारा. ॲडमिशनच्या वेळी अँटी-रॅगिंगचं हमीपत्र भरलं असेल तुम्ही, त्याची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

आणि भेटायला जरूर जा, वर्षभर नाही, दोन दिवस. आता तर अजनीहून वंदे भारत आहे, सकाळी बसलं की रात्री पुण्यात. जाताना संत्रा बर्फीचे दोन डबे न्या, एक त्याला आणि एक रूममेटच्या हातात, तुम्ही स्वतः द्या.

प्रश्न : मुलगी नागपूरला बीएस्सी फर्स्ट इयरला आहे, हॉस्टेलवर राहते. दहावीपर्यंत मराठी मीडियम, अकरावी-बारावीला इंग्रजी पुस्तक होतं पण सर मराठीतच समजावून सांगायचे. आता लेक्चर समजत नाही म्हणून दर शुक्रवारी घरी येते आणि रडते. परत गावच्या कॉलेजात टाकू का?
— एक वडील, उमरेड

उत्तर : दादा, मधेच नका हलवू तिला. तिला विषय येतो, शब्द येत नाहीत. परासरण तिनं शाळेतच शिकलंय, फक्त ऑस्मोसिस म्हणजे तेच हे कोणी सांगितलं नाही. त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, प्रकाशसंश्लेषण म्हणजे फोटोसिंथेसिस. एक वही घ्यायला सांगा, धडा सुरू व्हायच्या आधी त्यातले अवघड शब्द शोधून एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. दोन-तीन महिने हे नेटानं केलं की लेक्चर कानात शिरायला लागतं, मी स्वतः याच वाटेनं आली आहे. वर्गात तिच्यासारख्या आणखी मुली नक्की असतील, त्यांनी मिळून वही केली तर फारच छान.

घरी येणं एकदम बंद करू नका, एक आठवडा आड करा. ज्या रविवारी ती येणार नाही त्या रविवारी तुम्ही नागपूरला या. तिला म्हणा, बाबाला तर्री पोहे कुठे चांगले मिळतात ते दाखव, मग फुटाळा तलावावर एक चक्कर मारा, आणि संध्याकाळच्या बसनं तुम्ही एकटेच परत जा.