पावसाळ्यात फ्लो सायटोमीटरचे (लेझरने पेशी मोजणारं मशीन) सकाळचे बीड्स (मशीन तपासायचे बारीक चमकते मणी) नापास होतात, डिटेक्टरचं व्होल्टेज वाढवू का?

नको, इतक्यात नको. मी रत्नागिरीत लॅबमध्ये काम करतो, जून लागला की आमचीही हीच रड. वारा सुटला की लाइट जाते, एसी बंद, खोली तापते आणि लेझरची अलाइनमेंट किंचित सरकते. म्हणून आधी एसी, मग मशीन. लेझरला अर्धा तास तापू द्या आणि मगच बीड्स लावा.

नापास म्हणजे नेमकं काय, ते बघा. पीक (आलेखातला बीड्सचा उंचवटा) जागेवर आहे पण पसरलंय, म्हणजे सीव्ही (पसरण्याचं माप) वाढलाय, तर बहुतेक वेळा फ्लो सेलमध्ये (जिथे नमुना लेझरसमोरून जातो) घाण किंवा हवेचा बुडबुडा असतो. ताजं केलेलं १० टक्के ब्लीच ५ मिनिटं चालवा, मग तेवढाच वेळ डिस्टिल्ड वॉटर. शीथच्या (नमुन्याला वाहून नेणारं खारं पाणी) फिल्टरमधली हवा काढा. सॅम्पल प्रोबवर (नमुना ओढणारी नळी) पांढरी खरड दिसते का? शीथमधलं मीठ सुकून बसतं, आमच्याकडे एकदा छोटं मिठागरच झालं होतं! ओल्या पुसणीने पुसा. बीड्सची बाटली नीट हलवली होती ना, हेही आठवा. फ्लो रेट लो ठेवा.

पीकच रोज थोडं थोडं खाली सरकत असेल तर गोष्ट वेगळी. रोजचे आकडे लेव्ही-जेनिंग्स चार्टवर मांडा, उतार लगेच दिसेल. व्होल्टेज वाढवून तो झाकलात तर लेझर दमतोय हे कळणारच नाही. तेव्हा सरळ इंजिनिअरला बोलवा. बीड्स पास होईपर्यंत पेशंटचं सीडी४ (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मोजायचं सॅम्पल लावू नका.