बारावीच्या जोरावर बीएस्सीला निभाव लागेल का?

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. कॉलेज ठाण्यात, पण इंटिग्रेटेड, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र, असल्यामुळे सगळा दिवस क्लासमध्येच जातो. प्रॅक्टिकलबद्दल विचारलं तर ‘बोर्डाच्या आधी उरकून घेऊ’ म्हणतात. तिला फिजिक्समध्ये बीएस्सी करायचंय. या तयारीवर तिचा पुढे निभाव लागेल का?
– एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, पुस्तकापुरतं विचाराल तर लागेल. बालभारतीचं बारावीचं फिजिक्स जिने मन लावून वाचलंय, तिला पहिल्या वर्षाचे धडे परके वाटत नाहीत. माझी काळजी ‘उरकून घेऊ’ या दोन शब्दांची आहे.

मी ठाण्यात आधी ज्युनियरला आणि मग बीएस्सीच्या लॅबमध्ये शिकवलं. सीईटीत उत्तम मार्क मिळवलेली मुलं आलेखाची स्केल कुठून सुरू करायची, इथे अडून बसलेली मी पाहिली आहेत. हुशारी कमी नव्हती. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. त्या वेगात सूत्र आठवतं, ते कुठून आलं हे पाहायला सवड नसते. बीएस्सीला नेमकं तेच विचारतात.

बोर्डात लेखी ७० आणि प्रॅक्टिकलचे ३० मार्क असतात. हे ३० बहुतेकांना मिळतातच, म्हणून त्यामागचं काम कुणी मनावर घेत नाही. मला याचा फार त्रास होतो.

साधा लंबकच घ्या. जर्नलमध्ये g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, ९.८ लिहून आणणं सोपं. तिला म्हणावं, घरी दोऱ्याला जड नट बांध, टांगलेल्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत एक मीटर मोज आणि मोबाईलवर वेळ घे. झोका लहान ठेव. एकच आंदोलन, म्हणजे एकदा जाऊन परत येणं, मोजलं तर वेळ येईल साधारण २ सेकंद. बटण दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले की चूक १० टक्के, आणि g काढताना वेळेचा वर्ग होतो म्हणून तिथे जवळजवळ २० टक्के! वीस आंदोलनं मोजली तर वेळ येईल ४० सेकंदांच्या आसपास. चूक तेवढ्याच ०.२ सेकंदांची, पण g मधला फरक १ टक्क्यावर येतो. वीस आंदोलनं का मोजायची, हे तिला हाताने कळलं पाहिजे. मग दोरा २५ सेंटिमीटर करून पुन्हा मोजू दे. वेळ निम्मी का झाली, हे तिचं तिनेच कागदावर मांडावं.

क्लास सोडा असं मी म्हणत नाही, सीईटीचा पर्याय उघडा राहिलेला बरा. पण कॉलेजात स्वतः जा आणि लॅबचं वेळापत्रक लेखी मागा. प्रवेश त्यांनी दिलाय, प्रॅक्टिकल घेणं त्यांचं काम आहे. टाळाटाळ झाली तर तिच्या वर्गातल्या आणखी चार पालकांना सोबत न्या. आणि रविवारी एक तास, पर्याय न बघता, एक गणित पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तिला लिहून काढू दे.