गढी, वाडा की किल्ला?

तुमच्या गावच्या स्मरणिकेच्या मसुद्यात देशमुखांच्या एकाच वास्तूला कुठे वाडा म्हटलंय, कुठे गढी, कुठे किल्ला, तर एका ठिकाणी हवेली. यातलं बरोबर कोणतं, असं तुम्ही विचारलंत. मी गढीच ठेवीन. पण वाडा हा शब्द सरसकट खोडू नका, त्यालाही तिथे जागा आहे.

गढी म्हणजे नुसतं मोठं घर नव्हे. गावातली उंच जागा, भोवती तट, कोपऱ्यांना बुरूज, आत शिरायला एक भक्कम दरवाजा, आणि या सगळ्याच्या पोटात पाटील-देशमुखासारख्या वतनदाराचा राहता वाडा. चौक, ओसरी, माजघर, देवघर हा झाला वाडा. त्याला कवेत घेणारा तटबुरुजांचा सगळा पसारा ती गढी. म्हणून 'गढीतला वाडा पडला, बुरूज तेवढे राहिले' असं आपण म्हणतो. 'वाड्यातली गढी' कुणी म्हणत नाही.

माझं आजोळ मराठवाड्यातलं. तिथल्या गढीच्या दरवाजाला आतून लावायचा लाकडी अडसर होता, मांडीएवढा जाड. दरवाजा उघडा असला की तो बाजूच्या भिंतीतल्या चौकोनी खोबणीत ढकलून ठेवायचा. लहानपणी आम्ही त्या खोबणीत खांद्यापर्यंत हात घालायचो, तरी तळ लागायचा नाही. मोठ्या दारातच एक दिंडी, म्हणजे छोटं दार, होती. तिच्यातून आत जायचं तर भल्या माणसालाही मान खाली घालून, एक पाय आधी आत टाकूनच जावं लागे. आत देवडीवर, म्हणजे पहारेकऱ्याच्या जागी, कुणी काठी घेऊन बसला असेल, तर आलेल्याचं डोकं आधी त्याच्यासमोर. ही रचना मुद्दाम केलेली आहे.

पाटील, देशमुख, देशपांडे यांच्याकडे वसुलीचं काम असे, म्हणजे घरात धान्य आणि रोकड आलीच. धाड पडायची ती तिथेच. म्हणून आत धान्य साठवायला जमिनीत पेवं आणि भिंतीत बळदं, तटात बंदुकीचा मारा करायची भोकं म्हणजे जंग्या, आणि आतच पाण्याची विहीर. पेंढारी, म्हणजे लुटारूंच्या टोळ्या, आल्याची हूल उठली की माणसं आणि जितराबं गढीत घ्यायची, अशा आठवणी कितीतरी गावांत सांगतात. १८१८ नंतर पेंढाऱ्यांची धास्ती सरली, आणि बुरुजांचं कामही हळूहळू संपत गेलं.

तट बहुधा खाली घडीव दगडाचा आणि वर पांढऱ्या मातीचा. ही शेतातली काळी नव्हे, गावठाणातली पांढरी. जुन्या वस्तीच्या राखेराड्याची, चिवट. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, टाकायला लोक हीच माती नेतात. त्यामुळे वाडा पडल्यावर तुळया गेल्या, चिरे गेले आणि शेवटी टोपल्या-टोपल्यांनी तटही गेला. पावसाने चिरलेल्या गढीच्या कडेला जाऊन बघा, मातीत खापरांचे तुकडे दिसतील. म्हणजे गढीच्याही आधीची वस्ती तिच्या भिंतीत भरलेली आहे. ती माती आता तरी कुणाला उपसू देऊ नका, ही कळकळीची विनंती.

वास्तू पूर्ण गेली तरी शब्द त्या उंचवट्याला चिकटून राहतो. नुसतं टेकाड उरलेलं असतं, तरी गाव त्याला गढीच म्हणतं. बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यात तर गढी नावाचं गावच आहे. वेरूळला भोसल्यांच्या वास्तूचे अवशेष आहेत, त्यांनाही मालोजीराजांची गढी म्हणतात.

किल्ला हा शब्द मात्र काढाच. त्याने गावाचा मान वाढेल असं वाटणं मी समजू शकतो, पण अर्थ बदलतो. किल्ला राज्याचा, तिथे राजाने नेमलेला किल्लेदार. गढी घराण्याची. हा फरक कागदापुरता नव्हता. सभासदाच्या बखरीत आहे की शिवाजी महाराजांनी देशमुखादी वतनदारांचे कोट आणि हुडे, म्हणजे बुरूज, पाडायला लावले आणि त्यांना साध्या घरांत राहायला सांगितलं. वतनदाराचा बुरूज म्हणजे रयतेवर जरब आणि राज्याला आव्हान, हे महाराजांनी ओळखलं होतं. गढीला किल्ला म्हटलं की नेमकी हीच गोष्ट पुसली जाते.

हवेलीही नको. आपल्याकडे तो शब्द तालुक्याच्या नावात दिसतो, पण तुमच्या गावात त्या वास्तूला कुणी हवेली म्हणत नसेल तर तो बाहेरून आणलेला वाटेल.

वाडा शब्दाचं एक लक्षात ठेवा, तो प्रदेशाप्रमाणे बदलतो. मूळ अर्थ कुंपणाने घेरलेली जागा. त्यामुळे देशावर तो चिरेबंदी चौसोपी घराला लागतो, कोकणात गुरांच्या गोठ्यालाही वाडा म्हणतात आणि गोव्यात गावातल्या वस्तीच्या भागाला. स्मरणिका मुंबई-पुण्याच्या गावकऱ्यांकडेही जाणार, तेव्हा पहिल्यांदा 'देशमुखांचा राहता वाडा' असं पूर्ण लिहा.

लिहिताना ढ सांभाळा. मसुद्यात दोनदा 'देशमुखांची गडी' झालंय. गडी म्हणजे शेतावरचा माणूस. अनेकवचन गढ्या. आणि जुन्या माणसांची वाक्यं घेतलीत तर 'गढीवर' आणि 'गढीत' यांची अदलाबदल करू नका. 'गढीत राहतात' हा पत्ता झाला. 'गढीवर बोलावलंय' यात उंचीही आहे आणि हुकूमही. 'वाड्यावर', 'चावडीवर' यांतला 'वर' तोच. बोलावणं आलेल्या माणसाच्या पोटातला गोळा त्या एका 'वर'मध्ये आहे, तो प्रमाण भाषेच्या नावाखाली घालवू नका.

तुमच्या तीन छायाचित्रांखाली मी असं लिहीन: पहिल्याखाली 'गढीचा दिंडी दरवाजा, आतून', दुसऱ्याखाली 'गढीतील वाड्याचा चौक', आणि नुसता मातीचा उंचवटा दिसतो त्या तिसऱ्याखाली 'गढी, पूर्वेकडील बुरुजाची जागा'. तिसऱ्या चित्रात 'अवशेष' हा शब्दही नको, गाव आजही त्याला गढीच म्हणतंय.